दीप्तीच्या खांद्यावरचा हात

४ फेब्रुवारी, रविवार
आज निपाणीहून शहरात, खासबागेतल्या नव्या खोलीत आलो. खोली ऐसपैस, टेबल भक्कम, उजेड भरपूर. घरमालकीण जयाबाईंनी चहा दिला. घरीच मोठे फोटो छापायचा धंदा करायचा आहे. त्यासाठी प्रिंटर निवडायचा. पहिलं काम घरचंच. धाकटी बहीण दीप्ती, तिचं याच महिन्यात पंचवीसला लग्न. कार्यालयाच्या दारात तिचा मोठा फोटो मी लावणार, असं कबूल करून आलोय. नववीत शाळा सुटल्यापासून घरात माझ्यावर कुणी काम सोपवत नाही. हे चुकता कामा नये.

६ फेब्रुवारी, मंगळवार
खडेबाजारातल्या दुकानदार आदर्शने तेरा इंच रुंद कागदाचा प्रिंटर दोन दिवस वापरून बघायला दिला. सहा शाया. शाई सोडणारं हेड साफ केलं, तपासणीची पट्टी छापली, एकही रेघ तुटलेली नाही. रंग सुरेख. फक्त दीप्तीच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं छापून येतात. फोटो मीच काढलाय, शेताच्या बांधावर, ती एकटी होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खांदा मोकळा आहे. पाच कागद वाया गेले.

७ फेब्रुवारी, बुधवार
आदर्श हसला. म्हणाला, अण्णा, मशीन बोटं कुठनं आणणार? तुमची फाइलच बघा की. फाइल सतरा वेळा बघितली आहे. शेवटी त्याने सतरा इंची मशीन दिलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार
आठ शाया, महागाचा कागद, आणि तरीही तेच. आता बोटांमागे मनगटही आलंय. प्रमाण धरून पट्टीने मोजलं: हात गळ्याकडे दोन सेंटिमीटर सरकलाय. दुपारी दीप्तीचा फोन आला. म्हणाली, अण्णा, खांदा लई दुखतोय, कुणी धरल्यागत. मी फोटोचं काही बोललो नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार
चोवीस इंची आणला. कागद मोठा असला की तपशील कळतो. हात कुणाचा ते दिसेल. जयाबाईंनी भिंतीवरचे प्रिंट पाहिले. म्हणाल्या, एकट्या माणसाचा एवढा मोठा फोटो आमच्यात गेल्यावर करतात रं. जित्या पोरीचा कशाला वाढवत चाललास? मला राग आला. हल्ली कार्यालयात सगळेच लावतात.

११ फेब्रुवारी, रविवार
कोपरापर्यंत हात आलाय. बोटं गळ्यावर. प्रिंटमध्ये दीप्ती हसत नाही, मूळ फोटोत हसते. आईचा फोन: दीप्तीला गिळता येत नाही, डॉक्टरला काही सापडत नाही.
म्हणजे फोटो जितका मोठा, तितकी पकड घट्ट. मग लहान छापला, चार बाय सहा. पकड सुटली नाही. त्यात दीप्ती मावलीच नाही, नुसता हात आणि गळा.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
हात कुणाचा, तो चेहरा दिसल्याशिवाय इलाज नाही. चव्वेचाळीस इंची. आदर्श नको म्हणत होता. दार उखडून आत घेतला.
कागद बाहेर येतोय. कोपर. दंड. निळी बाही — माझ्याच शर्टाची —
फोटोतल्या तर्जनीवर गडद गुलाबी, मॅजेंटा शाईचा डाग. सकाळी शाई भरताना माझ्या बोटाला लागलेला, तोच. तीन वेळा धुतला —
वायर काढली. कागद अजून सरकतोय.

दीप्तीचा फोन. बोलत नाही. नुसती घरघर —

हे डाव्या हाताने लिहितोय. उजवा मिटत चाललाय. मी मिटत नाही. उघडायला बघतो, उघडत नाही. मूठ रिकामी आहे, तरी तळव्याला काहीतरी उबदार लागतंय, गिळायला धडपडतंय, आणि आता तेही हळू —