घरच्या पाण्याचा कॅन

मंगळवार, संध्याकाळ

दिवसभर ट्रक धुतले. अंग मोडून आलंय.

दुपारी आईचा फोन आला. धरणावरची माणसं आबांची मोटर उचलून घेऊन गेली. पाणी उपसायचा परवाना न्हाई म्हणे. भुईमूग फुलावर आलाय, आता पाणी तुटलं की गेलाच. धरणात आमचीच जमीन गेली, आणि काठावरून पाणी घ्यायचा हक्क नाही? असं कसं?

मुकादमाला सांगितलं तर हसला. "अरे, तू ट्रक धुतोस त्या पायपात तुझ्याच मावळाचं पाणी हाय. लोणावळ्याकडं अडवतात, वीज करायला डोंगरातून खाली सोडतात, मग ते आमच्या कोकणात येतं." म्हणजे ट्रकला हक्क आहे, भुईमुगाला नाही.

इथं येताना आईनं घरच्या पाण्याचा कॅन दिला होता, परकं पाणी बाधू नये म्हणून. आता संध्याकाळी परत फोन केला तर तेच, "तिथलं पाणी बाधत न्हाई ना रं?"

"न्हाई. आपलंच हाय," म्हणालो, आणि मुकादमाचं सगळं सांगितलं.

मागून आबा म्हणाले, "मंग त्याला म्हणावं, सुट्टीला येताना कॅन भरून आण. भुईमुगाला."

आई हसली. आबा हसले नाहीत. कॅन खाटेखाली रिकामा पडलाय.