ऑर्विनच्या इंजिनाला मका चालत नाही

२४ एप्रिल
बर्फ गेला! सकाळी पडदा सरकवते तर सगळं तळं मोकळं. सवयीने हाक मारली, "ऑर्विन, बघ!" — आणि मग आपली गप्प बसले. त्याला जाऊन आठ महिने होत आले, पण माझ्या तोंडाला अजून ते कळलेलं नाही.

२८ एप्रिल
होडीवरची ताडपत्री काढली. मासेमारीचा हंगाम सुरू होतो त्या शनिवारी यंदाही जायचं. लग्नापासून एकदाही चुकवला नाही तो दिवस. त्याच्याकडे इंजिन, माझ्याकडे गळ. आता दोन्ही माझ्याकडेच.

ज्युडीनला फोनवर सांगितलं. पलीकडच्या काठावर तिचं गळ-आमिषाचं दुकान आहे आणि पेट्रोलचा एक पंप. म्हणाली, "एकटी? तुला वेड लागलंय, आर्डिस!" लागलं असेल. घरात बसून लागण्यापेक्षा पाण्यात लागलेलं बरं.

१ मे
टाकीतलं गेल्या उन्हाळ्याचं पेट्रोल उपसून टाकलं. हाताचा वास जाता जात नाही.

नवीन कुठून आणायचं? गावातल्या पंपावर सगळं इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध मिळतं ते फक्त ज्युडीनकडे. होडीने गेलं तर समोरच, पण होडी चालायला पेट्रोल हवं! गाडीने म्हणजे अख्ख्या तळ्याला वळसा.

ऑर्विन हटून बसायचा — या इंजिनाला मका चालत नाही. मक्याचं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाशी बसतं, कार्ब्युरेटर चिकटतो, रबरी नळ्या कुजतात. खरंच होतं ते. पण त्याच्याच सख्ख्या भावाचा, डेल्मरचा, सगळा मका इथेनॉलच्या कारखान्यात जातो! डेल्मर त्या कारखान्याचा भागीदार. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आमच्या ऑर्विनच्या होडीला पाद्रीबाबांपेक्षा भारी प्यायला लागतं." सगळे हसले. ऑर्विन म्हणाला, "तुझा मका डुकरांना घाल, तेही विचार करून खातील." कोणीच हसलं नाही.

त्यानंतर दोघं भाऊ बोलले ते हवामानाबद्दल. इथे भांडण असंच असतं. आरडाओरडा नाही, फक्त हवामान.

६ मे
दिवसभर कोणाशीही बोलले नाही. संध्याकाळी लक्षात आलं, कारण खोकला आला आणि स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

८ मे
आज डेल्मर आला. ऐन पेरणीच्या दिवसांत! बुटांना चिखल, हातात लाल कॅन. दारातच उभा.

"ऐकलं, तू शनिवारी जातेयस."
"जातेय."
"भरून आणलंय. घे."

कॅन पायरीवर ठेवला. त्याच्या शेताच्या आवारातला, कारखान्याचं चिन्ह असलेला कॅन. माझं डोकंच फिरलं. ऑर्विन असता तर याने आणलं असतं का? तो मातीत गेल्यावर आता हा जिंकायला आलाय, असं वाटलं. म्हणाले, "तुझा मका ऑर्विनच्या इंजिनात जाणार नाही. तो नाही, म्हणून त्याचं इंजिन पोरकं झालेलं नाही."

त्याने टोपी काढली. परत घातली. काहीतरी बोलेल असं वाटलं.

"बरं मग," म्हणाला.

आणि गेला! कॉफी नाही. एरवी इथे माणूस खुर्चीतून उठताना निरोप घेतो, दारात घेतो, मग गाडीच्या खिडकीतून अर्धा तास. हा सरळ गाडीत बसला. कॅन तिथेच राहिला. माझा दालचिनीचा केक ओट्यावर होता, तो मी विचारलाही नाही.

बरोबरच बोलले मी.

१० मे
आज ज्युडीनकडे जाऊन पेट्रोल आणायचं होतं. गेले नाही. भांडणात जिंकल्यावर एवढं रिकामं वाटतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

११ मे, शनिवार
पहाटेपासून तळ्यावर होड्याच होड्या. आवाज पाण्यावरून किती लांब येतो! कोणीतरी म्हणालं, "जाळं दे, जाळं दे!" — मी धक्क्यावरून उठलेसुद्धा.

अंड्याचं सँडविच धक्क्यावर बसूनच खाल्लं. आमची होडी बांधलेलीच. ऑर्विन, राग नको धरूस.

१२ मे
मातृदिन. चर्चमध्ये सगळ्या आयांना कार्नेशनचं एकेक फूल देतात. मला मूल नाही हे ठाऊक असून मलाही देतात. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, घेतलं तर मला.

डेल्मर मागच्या बाकावर होता. बायको गेल्यापासून तिथेच बसतो, दाराजवळ. कॉफीला थांबला नाही. मी तळघराच्या जिन्याकडे बघत बसले. शेजारची बाई म्हणाली, "यंदा ओल बरी आहे." हवामान!

त्या एवढ्या मोठ्या घरात तो एकटा जेवतो. मी इथे एकटी जेवते. मधे फक्त मका.

१६ मे
गवत गुडघ्याला आलंय. म्हटलं, तो कॅन गवत कापायच्या यंत्रात ओतून संपवावा, निदान डोळ्यांसमोरून जाईल. पण तेही यंत्र ऑर्विनचंच. ज्युडीनला फोन करून विचारलं, मक्याचं पेट्रोल चालेल का यंत्राला?

ती म्हणाली, "कोणाचं आहे?"
"डेल्मरचं."

पलीकडे दुकानाचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आधी तपास. काचेच्या बरणीत थोडं पाणी घे, पाणी जिथवर येतं तिथे बाहेरून चिकटपट्टी लाव. वरून ते पेट्रोल ओत, झाकण लावून हलव, ठेवून दे. इथेनॉल असेल तर पाण्यात उतरतं, पाणी पट्टीच्या वर चढतं."
"असणारच की! त्याच्या घरचं आहे."
"तपास म्हणते ना! मी कोणाला तरी शब्द दिलाय, माझ्या तोंडून काही काढू नकोस."

हिचं काय भलतंच. बीटच्या लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे. सकाळी बघू.

१७ मे
पाणी पट्टीवरच. पुन्हा हलवलं. पट्टीवरच. एक थेंबही मका नाही.

पेरणी सोडून, तळ्याला वळसा घालून, कारखान्याचा भागीदार तो कॅन घेऊन ज्युडीनच्या पंपावर उभा राहिला. चारचौघांदेखत. आणि दारात मला त्यातलं काहीच बोलला नाही. आणि मी विचारलं नाही.

गाडीची किल्ली कुठे ठेवली मी — सापडली. डेल्मरकडे निघाले.