तुमच्या बंधूंच्या अंगातलं लोखंड

तीर्थरूप भाऊजींना,

नमस्कार. जाऊबाईंना नमस्कार आणि त्यांच्या गुडघ्यालाही, कारण मागच्या खेपेला त्या स्वतःपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोलत होत्या. तुमची साखर कशी आहे? खोकला गेला का? (उत्तर मनातल्या मनात द्या, मला पुढचं लिहायचं आहे.) आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण नाही आहोत, म्हणून लिहीत नाही. फोन करता आला असता. पण तुमचा फोन म्हटला की हे तो माझ्या हातातून घेतात, मग तुम्ही दोघे भाऊ "काय रे", "काही नाही", "तुझं काय", "काही नाही" एवढं बोलून ठेवून देता आणि दिवसभर दोघांनाही वाटतं की पोटभर बोललो. म्हणून पत्र. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसायचं नाही आणि जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही.

विषय तुमच्या बंधूंचा आहे. गेले चार महिने त्यांचा उजवा हात ऐकत नाही. मान दुखते, मग खांद्यातून मुंग्या निघतात त्या थेट अंगठ्यापर्यंत जातात आणि हातातली चावी खाली पडते. पहिल्यांदा मी हसले. चावीवाल्याच्या हातून चावी पडते म्हटल्यावर कोण हसणार नाही? मग एका बाईंच्या कपाटाची चावी त्यांनी तीनदा कापली आणि तिन्ही वेळा चुकली. त्या बाई गेल्यावर हे चावी घासायची कानस हातात धरून नुसते बसून राहिले, तेव्हा माझं हसणं बंद झालं. (दुकान तुम्ही पाहिलंय. एकच गाळा, डावीकडे ह्यांच्या चाव्या, उजवीकडे माझं शिवणयंत्र, मधे पडदा. पडद्याआडूनसुद्धा कानशीच्या आवाजावरून मला कळतं हात कसा चाललाय ते. हल्ली थांबत थांबत चालतो.)

मानेच्या डॉक्टरांनी हात वर करायला लावला, खाली करायला लावला, बोटांना टोचून पाहिलं आणि म्हणाले, मणक्यात शीर दाबली जात असावी, एमआरआय काढून आणा, तो बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. आणि मला म्हणाले, फार लांबवू नका, एकदा ताकद गेली की सगळी परत येतेच असं नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या बंधूंनी ऐकलंच नाही असं दाखवलं. भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होते. मराठी धड वाचत नाहीत, आणि तिथं हाडांची इंग्रजी नावं वाचत होते.

आता तुम्हाला हे मशीन काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. ते म्हणजे खोलीभर लोहचुंबक. मधे बोगदा, त्यात माणूस आडवा सरकवतात. ते चालवणारी एक मुलगी आहे, चष्मा नाकावर, बोलणं तोडून. मला आवडली. तिनं सांगितलं की खिशात, अंगावर लोखंड असेल तर मशीन ते हिसकावून घेतं. अंगाच्या आत असेल तर ते हलू शकतं, तापू शकतं. सगळे धातू सारखे नसतात, हाडांत बसवलेल्या हल्लीच्या पट्ट्या बहुतेक चालतात, पण कुठला धातू ते कागदावर दाखवायचं. "आठवत नाही" हे उत्तर नाही, म्हणाली. मग तिनं आम्हाला एक फॉर्म दिला आणि ह्यांना खिसे रिकामे करायला सांगितले.

भाऊजी, मला वाटलं होतं दोन मिनिटांचं काम. एकवीस चाव्या निघाल्या. दोन कानशी, एक पेचकस, तारेचे आकडे, एका कुलपाची स्प्रिंग (ती मी तीन दिवस घरभर शोधत होते), आणि सगळ्यात शेवटी टेबलावरचा लोखंडाचा कीस गोळा करायचा चुंबक. मुलीनं तो चुंबक बघितला आणि नुसती म्हणाली, "काका, आमच्याकडे आहे एक." सगळं काढलं, त्यांचे कपडे चढवले, आणि तरी दारातलं यंत्र वाजलं. बनियनच्या आतल्या खिशात घराची चावी. ती का काढली नाही म्हटलं तर म्हणे, "घराची आहे ना."

पण त्या दिवशी घात चावीनं नाही झाला, फॉर्मनं झाला. त्यात विचारलं होतं, डोळ्यात कधी धातूचा कण गेलाय का. तुमच्या बंधूंनी छाती फुगवून सांगितलं, "आमच्या धंद्यात रोजचंच आहे." झालं. मुलीनं पेन खाली ठेवलं. डोळ्यात बारीकसा कण राहिला असेल आणि तो मशीननं हलवला तर नजर जाऊ शकते म्हणे, म्हणून आधी डोळ्यांचा एक्सरे. तारीख गेली. एक्सरे स्वच्छ निघाला. (डोळ्यात लोखंड नाही याची मला खात्री होतीच. काहीच नसावं, नाहीतर समोर ठेवलेला चष्मा तरी दिसला असता.)

दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी अंगठी. बोटातून निघत नाही म्हणाले, तेव्हा आता कसलं मशीन. सोनं आहे, मशीन ते ओढत नाही हे मुलीनं मला सांगितलेलं, पण तरी काढूनच यायचं होतं. साबण झाला, तेल झालं. शेवटी मी शिवणाचा दोरा घेतला, अंगठीखालून ओवला, वरचं बोट घट्ट गुंडाळलं आणि खालून उलगडत गेले. लग्नातली अंगठी, एकदाही न निघालेली, दोन मिनिटांत माझ्या मुठीत. ह्यांचा चेहरा असा झाला की जणू मीच त्यांना सोडून चालले. दुसऱ्या दिवशी मशीनच्या दारात उभं राहिल्यावर यांना दाढेची टोपी आठवली. धातूची आहे म्हणे. मी दातांच्या डॉक्टरांकडे पळाले. ते म्हणाले, बाई, पक्की बसवलेली आहे, कुठं जात नाही, फार तर फोटोत तिथं जरा धूसर येईल, आणि आपण मानेचा काढतोय. तसं लिहून दिलं. तो कागद घेऊन परत येईपर्यंत आमचा नंबर गेला आणि हे बाकावर बसून शेजारच्या माणसाला त्याच्या कुलपाबद्दल सल्ला देत होते. खुशीत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी धावपळीतलं माणूस, मला धावताना विचार करता येत नाही.

तिसरी तारीख परवाची. मी घरीच त्यांना तपासलं. चावी नाही, अंगठी नाही, दाढेचा कागद आहे, डोळ्यांचा कागद आहे. आडवे झाले. कानात बोळे घातले, मानेभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी लावलं, हातात रबरी फुगा दिला की काही वाटलं तर दाबा. फळी आत सरकायला लागली. खांद्यापर्यंतसुद्धा गेली नाही, भाऊजी, आणि फुगा दाबला. एकदा नाही, रिक्षाच्या भोंग्यासारखा. बाहेर काढलं तर घामाघूम, आणि पहिलं वाक्य काय? "माझ्या बुडात छर्रा आहे."

आता तुमचा संबंध येतो. त्यांचं म्हणणं असं की हे नऊ वर्षांचे आणि तुम्ही तेराचे असताना तुम्ही कुणाची तरी छर्‍याची बंदूक मागून आणलीत, डब्यावर नेम धरलात आणि डबा सोडून ह्यांना लागला. आई रागावेल म्हणून दोघांनी कुणाला सांगितलं नाही. छर्रा आत गेला, तो आतच आहे आणि थंडीत दुखतो, म्हणे. इतकी वर्षं संसार केला, भाऊजी, मला या माणसाचं काय काय दुखतं ते पाठ आहे, बूड त्यात कधी नव्हतं. पण ती मुलगी म्हणाली, मी विश्वास ठेवायचा प्रश्न नाही, असेल तर कशाचा आहे ते कळल्याशिवाय मी आत घेणार नाही. बरोबर आहे तिचं. तेव्हा खरं काय ते कळवा. बंदूक होती का? लागला का? आत गेला की चाटून गेला? डाव्या बाजूला की उजव्या? (हे एकदा डावीकडे हात लावतात, एकदा उजवीकडे.) लहानपणी केलेल्या गोष्टीबद्दल आता तुम्हाला कोणी बोलणार नाही. मी बोलेन, पण भेटल्यावर.

बाकी तुम्ही दोघं जपून असा, साखर आणि गुडघा ज्याचं त्यानं सांभाळा, आणि उत्तर येईपर्यंत मी रोज टपालवाल्याची वाट बघते आहे असं समजा.

तुमची भावजय

ता. क. उत्तर लिहू नका. वरचं मी काल लिहिलं. आज सकाळी ह्यांना फरफटत नेऊन बुडाचाही एक्सरे काढला. दोन्ही बाजूंचा. काही नाही. डॉक्टर म्हणाले, फार चांगलं आलंय. पत्र फाडणार होते, पण तीन पानं लिहिली आहेत, तशीच पाठवते. चौथी तारीख पुढच्या गुरुवारी सकाळी साडेदहाची आहे.

आणखी एक. एक्सरेवरून परत येताना मी ह्यांना खूप बोलले. काय काय ते लिहीत नाही. मग हे दुकानाचं कुलूप उघडताना माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "लोखंडाचं काही नाही गं. तो बोगदा अंगावर येतो." आणि मग, "दादा असता तर गेलो असतो." तुमचं नाव ऐकून मला आधी रागच आला. इतकी वर्षं खाऊपिऊ कोण घालतंय? मग मी त्या मुलीकडे गेले आणि विचारलं, मी आत जाऊन त्यांचा पाय धरून उभी राहिले तर? ती म्हणाली, राहा, मानेच्या फोटोला पाय बाहेरच असतात, काही जणांना तेवढ्यानं बरं वाटतं. फक्त आत येणाऱ्यानंही तोच फॉर्म भरायचा.

भाऊजी, हे तुमच्या बंधूंना सांगायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या गणवेशांचं काम होतं, घाईत होते, यंत्राची सुई माझ्या डाव्या बोटातून आरपार गेली आणि मोडली. एक तुकडा यंत्रात राहिला, एक मी चिमट्यानं काढला, टोक काही सापडलं नाही. हे पडद्यापलीकडे चावी कापत होते. मी तोंडात कापड धरलं, पट्टी बांधली आणि उरलेले सात शर्ट पुरे केले. सांगितलं असतं तर त्यांनी यंत्रच विकून टाकलं असतं. मुलीनं बोटाचा फोटो काढायला लावला. आहे. तांदळाच्या कणीएवढं, पोलादाचं. महिनाभर मी त्या माणसाच्या अंगात लोखंड शोधत गावभर फिरले आणि निघालं कुणाच्या अंगात? "मावशी, तुम्ही दाराबाहेर," म्हणाली. आवडायची मला ती मुलगी.

म्हणून तुम्ही या. बुधवारी संध्याकाळपर्यंत पोचा. कारण विचारलं तर सहज आलो म्हणा, आणि शक्यतो खोकू नका. आत गेल्यावर त्यांचा पाय धरायचा आणि सोडायचा नाही, वीसेक मिनिटं लागतात. घट्ट धरा, गुदगुल्या होतात त्यांना.

आणि तुमच्याही अंगात कुठं पट्टी, खिळा, छर्रा काही असेल तर त्या मुलीला खरं सांगा, लाजू नका. पण म्हणून यायचं राहू नका. असलंच काही, तर आपण दोघं दाराबाहेर उभे राहू. मशीन फार ठोकतं, ह्यांना आपलं बोलणं ऐकू जाणार नाही. पण आत सरकायच्या आधी आपण दोघं दारात त्यांच्यावरून भांडताना दिसलो ना, की आपली माणसं इथंच आहेत म्हणून पडून राहतील.