मंगळवारचा वर्ग बंद होणार नाही

४ फेब्रुवारी, मंगळ.
हे गेले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन तीन आठवडे झाले. आज कम्युनिटी सेंटरच्या मॅनेजर हेलनने बोलावलं. ह्यांचा मंगळवारचा वर्ग, फ्रेंच बोलणारे सहा जण, इंग्रजी ऐकून समजायला शिकतात. त्यांच्यासाठी आता विकतची वेबसाइट घेतली आहे म्हणे. ह्यांनी स्वतःच्या आवाजात केलेली ११४ रेकॉर्डिंग्ज सेंटरच्या वेब-पानावर आहेत, ती ३१ मार्चला काढणार.
"लव्हली मॅन. पण ॲक्सेंट, यू नो."
मी थँक यू म्हणून ट्रॅम पकडली. ईस्ट क्रॉयडन स्टेशन मागे पडल्यावर डोक्यात आलं, थँक यू कशासाठी?

६ फेब्रु.
रीडिंगहून प्रज्ञाचा फोन. "आई, मी सगळं डाउनलोड करून ठेवते ना. बाबांचा आवाज सेफ राहील."
सेफ नकोय. वापरात हवाय. लेकीला हे नीट सांगता आलं नाही.
हेलनला ईमेल केला: वर्ग मी घेते. मी! सव्वीस वर्षं लॅबमध्ये नमुने तपासले, कारण तिथे कोणाशी फार बोलावं लागत नाही. उत्तर आलं: मार्चअखेरपर्यंत ठीक.

११ फेब्रु., मंगळ.
घेतला वर्ग. ह्यांच्याच पद्धतीने. पहिल्यांदा डोळे मिटून ऐकायचं. दुसऱ्यांदा लिहायचं. तिसऱ्यांदा छापील कागद बघून. मग पाच शब्द घरी न्यायचे आणि आठवड्याभरात कुणा अनोळखी माणसाशी बोलताना वापरायचे. वापरला तरच शब्द आपला. ऑनलाइन व्हिडिओ बघताना मोबाइलच्या खालच्या कडेवर निळी चिकटपट्टी, फ्रेंच सबटायटल्स झाकायला. सहाही मोबाइलवर ती अजून आहे.
क्लॅरिस, काँगोची, केअर होममध्ये कामाला. २४ मार्चला तिची इंग्रजीची परीक्षा. नापास झाली तर काम जाईल.
"मादाम, मुस्यूंचं मला सगळं कळतं. सगळं."
मुस्यू म्हणजे हे. बरं वाटलं. हे हेलनला दाखवायलाच हवं.

१८ फेब्रु., मंगळ.
दाखवलं. मीच बोलावलं तिला. आधी नव्या साइटची क्लिप, स्टेशनवर घोषणा करणारी कोणी स्कॉटिश बाई. क्लॅरिसचा कागद कोरा. सगळ्यांचेच कोरे. मग ह्यांची क्लिप. शेवटच्या शब्दापर्यंत बरोबर.
क्षणभर वाटलं, जिंकले. मग हेलन हळूच म्हणाली, "पण परीक्षेत त्यांचा आवाज नसणार ना."
घरी येऊन कोट न काढता बसले.
दोन वर्षं हे एकटेच बोलत राहिले. नागपूरचं इंग्रजी, सावकाश, एकेक शब्द सुटा. ही मंडळी इंग्रजी शिकली नाहीत, ह्यांना शिकली.

२० फेब्रु.
ह्यांचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदा. कधी दुसऱ्या कोणाला बोलू द्यायचं होतं. घरात तरी कुठे...
ह्यांची वर्गाची वही चाळली, पुढचं काही ठरवलं होतं का बघायला. काही नाही. फक्त पुढच्या आठवड्याचे पाच शब्द.
ठीक. हेलनचं निम्मं बरोबर आहे. त्या निम्म्यासाठी ११४ पुसू देणार नाही.

२२ फेब्रु., शनि.
मोबाइल घेऊन बाजारात. मासेवाल्यासमोरून तीनदा गेले-आले. चौथ्यांदा विचारलं: माझ्या वर्गासाठी दोन मिनिटं बोलाल का? नेहमीसारखं, भरभर.
"वॉट अबाउट, लव्ह?"
काहीही म्हटलं.
स्वतःच्या गुडघेदुखीवर बोलला. सहा मिनिटं. थांबेचना. वर दोन बांगडे गळ्यात मारले.
मग लायब्ररीतली जमैकन बाई. मग शेजारचे यॉर्कशरचे आजोबा. ट्रॅममधला तिकीट तपासनीस नाही म्हणाला. म्हणू दे.

१ मार्च, शनि.
प्रज्ञा आली. प्रत्येक नव्या क्लिपच्या आधी ह्यांचं नेहमीचं वाक्य जोडायचं: गुड ईव्हनिंग. क्लोज युअर आइज, प्लीज. मग मासेवाला. तीनही क्लिप ह्यांच्या पासवर्डने पानावर टाकायच्या. हेडफोन लावून पोरीने ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं.
"आई, इथे बाबा खोकतायत. कट करू?"
"नको."
"मला पण नव्हतं करायचं."

११ मार्च, मंगळ.
मासेवाल्याचा दुसरा आठवडा. क्लॅरिसचा कागद अर्धा भरला.
"हा माणूस शब्द गिळतो, मादाम!"
"मग तू बाहेर काढ."
सगळे हसले. मी विनोद केला होता!
नव्या साइटच्या क्लिप्सही लावते. चांगल्या आहेत, खोटं कशाला बोला.
नंतर हेलन दारात. म्हटलं, तुमची साइट वापरतेय, ह्यांचं पान राहू द्या. म्हणाली, सेंटरच्या कमिटीचं ठरलंय, मी काय करणार?
"मग ३१ला पुसा. १ तारखेला मंगळवार आहे. वर्ग माझ्या स्वयंपाकघरात. कमिटीला पत्ता देऊन ठेवा."
आवाज चढला होता. सॉरी म्हणाले नाही.

२४ मार्च
संध्याकाळी क्लॅरिसचा मेसेज. परीक्षेत कोणी माणूस पाठदुखीबद्दल बोलत होता, थेट मासेवाल्यासारखा. "सगळं नाही कळलं, मादाम. पण घाबरले नाही." निकालाला दोन आठवडे.

३१ मार्च, सोम.
सकाळपासून पान चारदा उघडून पाहिलं. आहे.
अकराला हेलनचा ईमेल: कमिटी गुरुवारी परत बोलणार. तोवर पान राहील, पण सेंटरमध्ये वर्ग भरवू नये आणि पानावर नवीन काही टाकू नये.
जेवले. मग एक नवीन केलं. क्र. ११८. माझा आवाज. ह्यांचं वाक्य जोडलं नाही, मीच म्हटलं: गुड ईव्हनिंग. क्लोज युअर आइज, प्लीज. पुढे तीन मिनिटं, लॅबमधला माझा पहिला दिवस. दोनदा अडखळले, तसंच ठेवलं.
तीन वाजता पानावर टाकलं.
उद्या सात खुर्च्या लागतील. घरात चार. शेजारच्या आजोबांकडून तीन आणल्या. एकीचा पाय हलतो. तिच्यावर मी बसेन.