मास्तरांचा खोकला

१ नोव्हेंबर १९३४
आजपासून रोजनिशी. केवळराम मास्तर जाऊन आठ दिवस झाले. गावात इंग्रजी येणारा आता मी एकटाच. मास्तरांनी मला वाक्याचे दोन भाग शिकवले, सब्जेक्ट म्हणजे कर्ता आणि प्रेडिकेट म्हणजे तो काय करतो ते. वाक्याच्या चारपैकी तीन जातीही झाल्या: सांगणारं, विचारणारं, हुकूम सोडणारं. चौथी सोमवारी घेऊ म्हणाले आणि त्याआधीच बुधवारी गेले. हरकत नाही, चौथी माझी मी पाहून घेईन.
मास्तर माणूस चांगला. छाती तेवढी कमजोर. अभ्यास झाला असं मी सांगितलं की बारीक खोकायचे.

३ नोव्हेंबर
मास्तरांच्या बायकोचा, देवकाबाईंचा निरोप. शाळेची खोली तीस तारखेला खाली करा असा कागद आला आहे. शाळाखात्याचा साहेब नवा, मुदत वाढवून मागायचा अर्ज इंग्रजीतच पाहिजे. मास्तरांनी डोळे मिटले त्या खोलीत वर्षभर दिवा लागलाच पाहिजे, नाही तर मास्तरांनी यायचं कुठं, असं त्यांचं म्हणणं. कळवलं, आठ दिवसांत अर्ज तयार. खरं तर चारच पुरेत.

५ नोव्हेंबर
सब्जेक्ट सापडला. 'द विडो', म्हणजे विधवा. अर्धं काम फत्ते. प्रेडिकेट उद्या.

८ नोव्हेंबर, दुपारी साडेचार
बायको, शामकला, धान कापायला चला म्हणाली. मी म्हणालो, विद्या आणि विळा एका हातात राहत नाहीत. ती म्हणाली, तुमच्या हातात तं दोन्ही नाही. गेली.
चारला मागच्या दारी काठी वाजली. मग खोकला. मास्तर असेच यायचे, आधी काठी, मग खोकला, हाक कधी नाही. मी कडी घातली आणि मोठ्यानं वाचत सुटलो, 'द काऊ ईट्स ग्रास.' अकरा वेळा. मग आवाज थांबला.

९ नोव्हेंबर
पुन्हा चारला. पुन्हा तेच. शांतपणे विचार केला. एवढा हुशार चेला सोडून जायला मास्तरांचा जीव होत नसेल. उद्यापासून भिणार नाही.

१० नोव्हेंबर
भ्यालो.

१४ नोव्हेंबर
मागच्या दारी मास्तरांसाठी बिडी आणि काडेपेटी ठेवली. चारला काठी, खोकला, सगळं झालं. बिडी जशीच्या तशी. मेल्यावर सुटली असेल.

१९ नोव्हेंबर
प्रेडिकेट नाही. मास्तरांच्या पुस्तकात गाय, कुत्रा आणि राजा काही ना काही करतात. विधवा कुठंच काही करत नाही. यात माझा काय दोष?

२३ नोव्हेंबर
देवकाबाईंचे निरोप बंद झाले. विश्वास बसला म्हणायचा. मास्तर मात्र रोज येतात. आता मी आणखी मोठ्यानं वाचतो, घसा बसला.

२९ नोव्हेंबर
उद्या सकाळी एका बैठकीत अर्ज. मग दुपारी साहेबाकडे.

३० नोव्हेंबर
सकाळीच गाडी जुंपलेली दिसली. देवकाबाई कोहमाऱ्याकडे, भावाच्या घरी निघाल्या. भांडी, पेटी, वर मास्तरांची काठी. खोलीला कुलूप लागलं.
शामकला त्यांना वेशीपर्यंत पोचवून आली. आल्यावर सांगितलं. रोज चारला मागच्या दारी देवकाबाईच यायच्या. दुःखाचा सव्वा महिना सरला नव्हता, म्हणून आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. परपुरुषाला हाक कशी मारायची, म्हणून मास्तरांची काठी आपटून खोकायच्या. आत जोरजोरात इंग्रजी चाललेलं. 'भाऊजी माहाच अर्ज लिहून राहिले, त्याईले कायले तरास द्याचा,' असं म्हणत आल्या पावली परत जायच्या.
शामकलानं विचारलं, मंग कडी काऊन लावली होती? विचारणारं वाक्य मला ओळखता येतं. तेवढंच येतं. फार लाज वाटली. जेवलो नाही.

१ डिसेंबर, दुपारी चार
शामकला शेतात. मागच्या दारी काठी वाजली. मग खोकला.
काठी कोहमाऱ्याला गेली. गाडीत ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.
या वेळी कडी काढली. दारात कोणी नव्हतं. तिकडे कुलूप, दिवा नाही. मास्तर तरी जातील कुठं? अर्ज झाला नाही, असं मराठीतच सांगून टाकलं. उंबऱ्याशी दिवा लावला, आणि वर्षभर एक दिवस न चुकता लावीन, असा मोठ्यानं शब्द दिला.
अगदी जवळून खोकला आला. बारीक.