साहेबांशेजारची खुर्ची

परंडा, मंगळवार, डिसेंबर १९५८

तळ्याचा बांध फुटल्याची चौकशी आज कचेरीत सुरू झाली. आयोगाच्या जज्जसाहेबांशेजारी मी, कचेरीचा शिपाई, सवयीनं आमच्या पक्षाच्या तालुकाध्यक्षांची खुर्ची मांडली. निजामीतही बड्या माणसाची अशीच मांडायचो. पण बांधाचं कंत्राट अध्यक्षांच्याच भावाचं, हे मला ठाऊक नव्हतं का?

साहेबांनी विचारलं, "ही कुणाची?"

"अध्यक्षांची, साहेब."

"त्यांची आज साक्ष आहे?"

"न्हाय."

"मग इथं नको."

ती खुर्ची त्यांनी साक्षीला आलेल्या रुकय्याबींना दिली. त्यांचं शेत पाण्यानं नेलेलं. त्या बसेचनात.

"बसा, आई. सावकाश सांगा."

तासभर बोलल्या. अध्यक्ष दाराशी उभं राहून ऐकत होते. मीही त्यांच्याच पक्षाचा, तरी लई बरं वाटलं. उद्या ती खुर्ची साक्षीदारासाठीच मांडीन, कुणी सांगायच्या आधी.