अकरा फोनांची पिशवी

२० फेब्रुवारी
बाजाराचा दिवस. शंकरभाऊंची जीप आली, त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. धानाच्या बियाण्याची जुनी पिशवी, आत अकरा गावांचे अकरा फोन, प्रत्येकाच्या पाठीला चिकटपट्टी, पट्टीवर त्या गावात आमच्या संस्थेचं काम करणाऱ्या बाईचं नाव. या गावांत टॉवर नाही. बाया आठवडाभर घरोघर फिरून कुणाला ताप, कुणाची मच्छरदाणी फाटली, ते फोनमध्ये भरतात. मी दर बाजाराला इथं अहेरीच्या ऑफिसात नेट लावून वर पाठवते. चार वर्षं हेच.

आज पहिला फोन लावला तर लाल अक्षरं. खातं बंद. दुसरा, तेच. अकराही बंद. माझा मेल उघडला तर संस्थेच्या मुख्यालयाचं पत्र, चार पानं इंग्रजी. चार पानांचा अर्थ एका ओळीचा: अकरा बायांचे फॉर्म एकाच जागेवरून, एकाच तासात येतात, म्हणजे बाया गावात फिरतच नाहीत, बसून खोटं भरतात. चौकशी होईपर्यंत सगळं स्थगित.

ज्यांनी जन्मात पायवाट पाहिली नाही त्यांनी सांगावं कोण फिरतं आणि कोण बसतं!

शंकरभाऊ विचारत होते, "बाई, पिशवी वापस नेऊ का?" न्या म्हटलं.

२१ फेब्रु.
नागपूरला दाभाडे साहेबांना फोन. राज्याचं ऑफिस त्यांच्याकडे, मी त्यांच्या हाताखाली. तीनदा कापला, चौथ्यांदा उचलला.

फॉर्म वर जाताना ॲप विचारतं, "मी आत्ता भेटीच्या ठिकाणी आहे. होय / नाही." नाही दाबलं की फॉर्म जात नाही. पहिल्याच महिन्यात मी दाभाडेंना हे सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, होय दाबा आणि मोकळ्या व्हा, वरच्यांना आकडे हवेत. आज म्हणतात, "मी तुम्हाला असं लेखी दिलंय का?"

नाही दिलं. लेखी देणाऱ्यातला तो नव्हेच. मीच मूर्ख. दर आठवड्याला अकरा फोनांवर होय, होय, होय. बोट माझं, नाव बायांचं.

२४ फेब्रु.
वकिलांकडे गेले. फाईलही उघडली नाही त्यांनी.

"ताई, तुमची संस्था पडली आंतरराष्ट्रीय. सरकारनं तिले सूट देल्ली आहे. इथल्या कोर्टात तिच्यावर केस चालत नाई."

"मंग दाद मागाची कुठी?"

"तिच्याच घरी. तिची समिती, तिचे नियम, तिचाच निकाल."

घरी येऊन समितीची माहिती काढली. आपल्या राज्यातून तक्रार पुढं पाठवायचा अधिकार कुणाला, तर राज्यप्रमुखाला. म्हणजे दाभाडे. कुंपणच शेत खातं, आणि अर्जही कुंपणाकडेच द्यायचा. इतका संताप आला की पोळ्या करपल्या. मुलीचा ब्रह्मपुरीहून फोन आला, कॉलेजचं काहीतरी सांगत होती, तिच्यावरच ओरडले. तिचा काय दोष होता?

२७ फेब्रु.
व्हिडिओवर चौकशी. पडद्यावर एक बाई, मागे पांढरी भिंत, आवाज मऊ. मधे दुभाषा. माझ्या मागे भिंतीवर संस्थेचा फलक, "शेवटच्या घरापर्यंत". तो तिला दिसावा म्हणून मुद्दाम तिथं बसले होते. तिनं बघितलाही नसेल.

तिनं विचारलं, "होय हे बटण कोण दाबतं?"

मी म्हणाले, "ज्यांचं खातं, त्या."

म्हणाले मी असं. इथं तरी खरं लिहिते. विचार करून नाही, पण चुकूनही नाही. तोंडातून आलं आणि मी ते परत घेतलं नाही. ती मऊ आवाजात थँक यू म्हणाली. त्यानंतर काहीच विचारलं नाही.

२ मार्च
अकरा जणींतल्या मैनीबाईला पत्र. फक्त तिलाच. बाकी दहा जणींचा निर्णय नंतर. तिच्या भेटी सगळ्यांत जास्त, म्हणून तीच सगळ्यांत मोठी लबाड! काम चांगलं केलं हाच पुरावा. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर तिचं नाव कायमचं काळ्या यादीत जाईल, कुठलीच संस्था पुन्हा उभी करणार नाही. पत्र इंग्रजीत, आणि ते तिला वाचून दाखवायची जबाबदारी माझी.

४ मार्च
मैनीबाईच्या गावी. जीप नाल्यापर्यंत, पुढे चालत. ती मोहफुलं वेचून नुकतीच आली होती, टोपली अंगणात. तिला पत्र मराठीत सांगितलं. मग तिनं आत जाऊन वही आणली.

एकेचाळीस घरं. प्रत्येक घराला एक पान, प्रत्येक भेटीला पेन्सिलीची एक रेघ, ताप असला तर रेघेवर टिंब. एका पानावर सलग टिंबं, आणि मग रेघाच नाहीत. "हे लेकरू गेलं," म्हणाली. "मी सांगतलं होतं नेऊन टाका दवाखान्यात. नाल्याले पूर होता."

मग म्हणाली, "बाई, मी तं सबन घरी गेली. मंग खोटं कोनतं निंगालं?"

ते बटणाचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. "बघू आपण, काहीतरी करू," असं म्हणून पाणी प्यायले आणि निघाले. निघताना तिनं वही मला दिली, वर पाठवा म्हणून. भरवसा टाकला माझ्यावर, तोही कुणावर टाकला!

वाटेत रडू आलं. रडण्याचाही राग आला.

९ मार्च
दाभाडे स्वतः अहेरीत. गाडीतून उतरले, एसी नाही म्हणून कुरकुरले, खिशातून कागद काढला. माझा जबाब, त्यांनीच लिहून आणलेला. "मैनी मडावी यांनी घरी बसून फॉर्म भरल्याचे माझ्या निदर्शनास आले होते." खाली माझ्या सहीची जागा.

"एकीचा प्रश्न आहे, कल्पनाताई. दहा जणींची खाती सुरू होतील, तुमचं कंत्राट वाढेल. नाहीतर सगळंच बंद."

वहीचं विचारलं तर म्हणाले, कागद पुरावा म्हणून धरत नाहीत, फक्त फोनमधलं. मी म्हटलं, फोनमधलं तर ते खोटं म्हणतायत. त्यावर हसले. त्या हसण्यावर हात उचलला नाही, एवढीच माझी आजची कमाई.

सही केली नाही. उद्यापर्यंत वेळ दिलाय.

१० मार्च
सही केली नाही.

११ मार्च
निकाल लागेपर्यंत मला ऑफिसात पाऊल ठेवायला बंदी. दाभाडे किल्ली घेऊन गेले. दिला तर फक्त लेखी जबाब देता येईल, तोही फोनवरच्या पानावरून, २० तारखेला चार वाजेपर्यंत.

१३ मार्च
बाजार. शंकरभाऊंनी पिशवी आणली नाही, मैनीबाईलाच आणलं. माझ्या खोलीवर. तिला सगळं सांगितलं. बोट माझं होतं, चौकशीत मी तुझ्यावर ढकललं, सगळं.

मग म्हणाली, "मले वाटे का वरचे लोक दुश्मन आहेत. तुमी तं बाजूलेच बसून होत्या."

चहा ठेवला होता. घेतला नाही. उठून गेली. माझी जीभ झडली असती तरी बरं झालं असतं.

१८ मार्च
जबाब लिहिला. बटण मी दाबत होते, चार वर्षं, अकरा फोनांवर. दाभाडेंनी तोंडी सांगितलं होतं. भेटी खऱ्या आहेत. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो जोडले. मुलीनं फोनवर इंग्रजी करून दिलं. शेवटी विचारलं, "आई, तुझी नोकरी?" म्हटलं, ती मागेच गेली, आता फक्त पत्र यायचंय.

२० मार्च
ऑफिससमोरची चहाची टपरी. नेट इथपर्यंत येतं. मैनीबाई आलीये, बोलावलं नव्हतं. बाकावर टोकाला बसलीये, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

जबाब भरला, फोटो चढले. शेवटचं पान उघडलं. तेच ॲप, तेच अक्षर:

"मी आत्ता माझ्या नेमून दिलेल्या कामाच्या ठिकाणी आहे. होय / नाही."

कामाचं ठिकाण रस्त्याच्या पलीकडे. फाटकाला कुलूप, आत गेले तर आणखी एक आरोप. नाही दाबून बघितलं. "जबाब स्वीकारता येत नाही." सगळं पुसलं गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा फोटो चढवले, पुन्हा तेच पान. होय दाबलं तर जाईल, आणि जागा तपासली की म्हणतील, बघा, ही बाई जबाबसुद्धा खोट्या जागेवरून देते. मग मैनीबाईची वही कोण उघडणार?

मोठ्यानं वाचून दाखवलं तिला. तिनं सगळं ऐकलं.

"दाबा ना," म्हणाली. "माया फोनवर दाबताना तं थांबल्या नाई तुमी."

चाराला वीस कमी आहेत. मी हे लिहीत बसलेय, कारण लिहिताना बोट गुंतलेलं राहतं. चहावर साय धरली. मैनीबाई फोनकडे बघत नाहीये, माझ्या हाताकडे बघतेय.

चाराला दहा कमी. पेन ठेवते, बोट मोकळं करते.